नेई तेकारेईच्या मयताचा बाबाई

तेबारोरो गावात नेई तेकारेईच्या मयताची तयारी अकरा वर्षं चालली होती, आणि त्या तयारीत सगळ्यांत पुढे होती ती नेई तेकारेई स्वतः. आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाचं नेई लागतं. हिच्या बाबतीत ते लावायला लोक जरा जास्तच जपत, कारण हिची जीभ माशाच्या गळासारखी होती. एकदा अडकली की निघताना मांस घेऊन निघायची.

तयारी म्हणजे काय, तर एक बाबाई. अळूचा थोरला भाऊ म्हणा, याचा कंद खातात. पण हा भाऊ नव्हता, खापरपणजोबा होता. एकदा भर सरीत त्याच्या एका पानाखाली गावचा पाद्री, पाद्र्याची सायकल आणि रविवारच्या शाळेची अर्धी पोरं उभी राहिली आणि सायकलची घंटासुद्धा भिजली नाही. हे तेकारेई सांगायची, आणि पाद्री शेजारी बसून मान डोलवायचा. तो खोटं बोलणारा माणूस नव्हे, पण त्या बाबाईचा घास आपल्यालाही मिळायचा आहे हे तो विसरला नव्हता.

या तयारीला कारण होतं तिच्या बहिणीचं मयत. नेई ब्वेब्वे गेली तेव्हा घरात लावलेलं काही तयार नव्हतं. आलेल्या माणसांना बोटीतून आलेला भात आणि डब्यातलं मांस वाढलं. डब्याच्या झाकणांच्या सुरळ्या चटईवर पडलेल्या, चमच्यांना गार चरबीचा पांढरा थर बसलेला, आणि माणसं तेच चमचे चाटून बहिणीचे गुण गात होती.  घरी येऊन तेकारेईनं दोनदा चूळ भरली आणि ठरवलं, की माझ्या मयताला कुणाच्या तोंडाला ही चरबी लागणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खड्ड्याच्या मधोमध रोप लावलं. केवड्याच्या पातीची टोपली विणून ती रोपाभोवती बसवली, तिच्यात पालापाचोळा कुजत घातला, आणि अकरा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही.

आता हा खड्डा. तिच्या आईच्या आजीनं शिंपल्यांनी खणलेला, गोडं पाणी पाझरेल इतकाच खोल. आमच्या बेटाखाली सगळीकडे समुद्रच आहे. पावसाचं गोडं पाणी त्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दुधावर साय असावी तसं. साय हलक्या हातानं काढावी लागते. पातेल्यात पळी खुपसून ढवळलं, की साय गेली आणि दूधही गेलं. एवढं आमच्या पोरीबाळींनाही कळतं. पण पोरीबाळींना विचारतो कोण?

विचारणारा एकच आला होता, वीस वर्षांमागे. सेमी वाकाताले नावाचा फिजीचा माणूस, पाण्याचा जाणकार. आला दोन आठवड्यांसाठी, राहिला अकरा महिने. गावातल्या एकूणएक विहिरीचं पाणी तो भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा प्यायला. त्याच्याजवळ तारा लावलेलं यंत्रही होतं, पण यंत्रात आकडा बघितल्यावर तो करवंटी तेकारेईपुढे धरायचा आणि विचारायचा, "तुमची जीभ काय म्हणते?" यंत्राचं आणि तिचं पटलं नाही की दोघं पुन्हा त्या विहिरीवर जायची. तिसऱ्या महिन्यात यंत्र बिघडलं, तर त्यानं राहिलेल्या विहिरी तिच्या जिभेवर मोजल्या. जाताना त्यानं एक जाडजूड अहवाल लिहून बेटाच्या पंचायतीत दिला. त्याचं सार त्यानं सभाघरात सगळ्यांना सांगितलं होतं: उभं खणायचं नाही, छातीएवढ्या खोलीवर भोकाभोकांचा नळ आडवा निजवायचा, तोही फुटबॉलच्या मैदानामागं, जिथं साय सगळ्यांत जाड आहे. पैसे आले की काम करू, असं पंचायत म्हणाली. पैसे आले नाहीत. आले ते दुसरे तज्ज्ञ.

एक जण समुद्रकाकड्या, म्हणजे समुद्रतळाचे काकडीसारखे जीव, पाळायला शिकवून गेला. एकानं कोरडे संडास बांधून दिले. त्यांत आता जाळी ठेवतात, जाळी तिथं छान वाळतात. एक बाई तर आम्हाला मासे कसे खावेत हे शिकवायला आली होती. प्रत्येकाला आम्ही सभाघरात बसवलं, डोक्यावर फुलांचं कडं घातलं, काखेत पावडर फासली, मानेवर अत्तर उडवलं, पोट फुटेस्तो वाढलं, आणि तो जे म्हणेल त्याला भुवया उंचावल्या. भुवया उंचावणं म्हणजे हो. पाहुण्याला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय.

मग आला वॉरिक टिंडल.

ऑस्ट्रेलियातून आलेला हा लांबलचक माणूस होता. तो विमानातून उतरला आणि त्याच्यामागून बाटलीतल्या पाण्याची खोकी उतरली, इतकी की ती उतरवल्यावर विमान हातभर वर उचललं गेलं. पाण्याचा तज्ज्ञ पाणी घेऊन आला, हे पाहून तेकारेईनं तिथंच नाक मुरडलं. तिचा भाचा उरिआम पंचायतीचा कारकून, तोच दुभाषा. पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर कायम दुसऱ्याच्या विनोदाला हसण्याची तयारी.

"अरे, हा स्वतःच्या घरचं पाणी का पितो?" तिनं विचारलं.

"मावशी, त्यांना इथलं सोसत नाही."

"न चाखताच कळलं?"

टिंडल चार दिवस राहिला. त्यानं नकाशे आणले होते, चित्रं आणली होती, आणि एक पंपही आधीच बोटीत चढवून ठेवला होता. त्या पंपाचा नळ बारा हात सरळ खाली जायचा होता, आणि वरती उन्हावर चालणारी काळी तावदानं. जागा त्याच्या नकाशात ठरलेली होती. ती नेमकी तेकारेईच्या खड्ड्याच्या काठावर.

सभाघरात त्यानं सगळं समजावून सांगितलं. उरिआम भाषांतर करत होता. तुम्हाला काही शंका आहेत का, असं तीनदा विचारलं. आमचे म्हातारे खांबांना टेकून भुवया उंचावत बसले. सगळ्यांत वडील तेकोआ. त्याला उभ्या नळाचं काय होणार हे पुरतं माहीत होतं, सेमीच्या वेळी तोच अध्यक्ष होता. तोही भुवया उंचावत होता. तेकारेई बायकांच्या रांगेत बसून मनात म्हणत होती, की आता हा बोलेल, आता बोलेल. तेकोआनं खाकरून घसा साफ केला आणि पाहुण्यांना आणखी एक खेकडा वाढायला सांगितलं.

मग टिंडलनं खिशातून एक पुस्तिका काढली. इथं येणाऱ्या तज्ज्ञांना आमच्या चालीरीती कळाव्यात म्हणून कुणीतरी छापलेली. त्यात बघून तो तेकारेईकडे वळला आणि आमच्याच भाषेत, मोडकंतोडकं पण कळेल असं म्हणाला, "नेई तेकारेई, मी बुबूती करतो. खड्ड्याजवळची पाच पावलं जागा मला द्या."

 बुबूती म्हणजे मागणं. पण असं मागणं की ज्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर त्या दिवसापासून गावात तुमच्याकडे माणूस म्हणून कुणी बघत नाही. तेकारेईच्या मामाकडे एकानं कवळी मागितली होती. मागणाऱ्याच्या तोंडात स्वतःचे बत्तीस दात होते. पण मागितलं ते मागितलं. मामा मरेपर्यंत पेजेवर जगला.

तेकारेईच्या तोंडात कडू पाणी आलं. तिनं भुवया उंचावल्या. टाळ्या पडल्या. टिंडलच्या काखेत आणखी पावडर फासली गेली.

परतताना ती उरिआमला म्हणाली, "तुझ्या साहेबाला सांगायचं होतंस ना, की खाली मीठ आहे."

"मावशी, मी भाषांतर करतो. माझं स्वतःचं त्यात घालायचं नसतं."

"म्हणजे तू नळ आहेस. एका तोंडातून घ्यायचं, दुसऱ्या तोंडातून सोडायचं."

तो हसला. तिला तेच आवडलं नाही.

पंप बसला. पहिले दोन महिने पाणी असं आलं, की लोक गरज नसताना अंघोळी करू लागले. डुकरांनाही अंघोळी घातल्या. तेकारेई रोज ओहोटीला खड्ड्यातलं ओंजळभर पाणी जिभेवर घ्यायची आणि थुंकायची. तिसऱ्या महिन्यात तिच्या जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं. चौथ्यात गावचा चहा नासला. पाचव्यात पंपाच्या तोटीतून बोटाएवढा जिवंत मासा पडला, असं पाद्री सांगतो; तो आता तेकारेईच्याच वळणावर गेला होता. आणि खड्ड्यातल्या थोरल्या बाबाईची पानं कडेनं तपकिरी झाली, जशी कुणी मेणबत्ती धरून एकेक कड जाळत यावं.

पंप कुणी बंद केला नाही. पाहुण्यानं दिलेली वस्तू बंद करणं बरं दिसत नाही. लोक लपूनछपून जुन्या विहिरींवर जायचे आणि येताना डबे टॉवेलाखाली झाकून आणायचे, चोरीचा माल असावा तसे. तेकोआ खारट चहा पिऊन ओठ पुसत म्हणायचा, "चांगलं पाणी आहे." त्याचे पुसलेले ओठ बघून तेकारेईला शिसारी यायची. टिंडलचा संदेश आला की तो लवकरच पाहणीला येतोय. पंचायतीनं उत्तर पाठवलं, सर्व ठीक आहे, गाव आभारी आहे. ते उत्तर उरिआमनं लिहिलं होतं.

तेव्हा तेकारेई पंचायतीच्या कचेरीत गेली आणि म्हणाली, "सेमीचा अहवाल काढ."

उरिआमनं टेबलाचे खण उघडले, खोकी उपसली, घाम पुसला. नाहीच सापडला. तेकारेई भिंतीशी उभी राहून बघत होती. मग तिचं लक्ष कागदांच्या लोखंडी कपाटाकडे गेलं. त्याच्या मोडक्या पायाखाली दोन बोटं जाड, कडेनं वाळवीनं कुरतडलेलं काहीतरी दुमडून घातलेलं होतं.

"ते काय?"

उरिआमनं वाकून बघितलं आणि तो वाकलेलाच राहिला. "मावशी, मी नोकरीला लागलो तेव्हापासून ते तिथंच आहे. मला कपाट सरळ ठेवायला सांगितलं होतं. वाचायला कुणी सांगितलं नव्हतं."

"काढ."

काढल्याबरोबर कपाट कलंडलं आणि गेल्या वीस वर्षांतले सगळे तज्ज्ञ धडाधडा जमिनीवर पसरले. समुद्रकाकड्या, संडास, मासे खायची रीत. तेकारेई त्यांच्यावरून चालत जाऊन खुर्चीवर बसली. "आता वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. चौदाव्या पानावर तिचं नाव होतं. सेमीनं लिहिलं होतं, की यंत्राचे आणि या बाईंच्या जिभेचे आकडे बाजूबाजूला दिले आहेत, फरक पडेल तिथं जिभेचा आकडा धरावा. एकविसाव्या पानावर लिहिलं होतं, की छातीहून खोल उभा नळ घातला तर साधारण चार महिन्यांत पाणी खारं होईल. उरिआम ते वाक्य वाचून थांबला. हसण्याच्या तयारीतला चेहरा पहिल्यांदाच रिकामा झाला होता.

"मी लहान होतो तेव्हा, मावशी," तो म्हणाला. "सभाघरात सेमी बोलला तेव्हा मी तुझ्या मांडीवर झोपलो होतो."

"आणि आत्तापर्यंत झोपलास. पुढचं वाच."

टिंडल आला त्या सकाळी तेकारेई खड्ड्यात उतरली. थोरल्याच्या शेंड्याला आता एकच पान राहिलं होतं. आणखी महिनाभर ठेवला असता तर कंद आतून सडला असता. तिनं टोपली कापली, काठी खुपसून माती सैल केली आणि आठ माणसांना हाक मारली. कंद वर आला तेव्हा बेटाची ती बाजू जरा वर उचलली गेली, असं कोळी सांगतात; त्यांच्या होड्या आपोआप किनाऱ्याला लागल्या. तिनं कुणाकडे बघितलं नाही. कंदाच्या बुडाला फुटलेलं मुठीएवढं एक पिलू तिनं तोडून ओच्यात टाकलं आणि सांगितलं, "सभाघरात न्या. आज माझं मयत आहे."

लोकांना वाटलं, म्हातारी चळली. पाद्री काळजीनं पुढे आला. ती म्हणाली, "तुम्ही प्रार्थना म्हणा, मी पडून ऐकते. कुणी रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या, नंतर मला ऐकू येणार नाही."

भट्टीतून निघालेला बाबाई किसून, नारळाच्या दुधात घोटून सगळ्यांपुढे आला. टिंडल पाहुण्याच्या जागी, डोक्यावर फुलांचं कडं, काखा पांढऱ्या. चटईवर पडलेल्या तेकारेईनं कोपरावर रेलून पहिला घास स्वतः घेतला. तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. अकरा वर्षांची टोपली, अकरा वर्षांचा पाला, आणि आत मचूळ, खारट, जुन्या जाळ्याच्या वासाचा गर. तिनं तो गिळला.

मग तिनं समोर बघितलं. गाव खात होतं. तेकोआ बोटं चाटत म्हणाला, असा बाबाई माझ्या वडिलांच्या काळीही झाला नाही. बायका म्हणाल्या, किती गोड. पाद्र्यानं भुवया उंचावल्या. एकेकाच्या घशाची गाठ खाली जाताना अडत होती आणि तोंडं हसत होती. बहिणीच्या मयतातली ती पांढरी चरबी तिला आठवली. त्या दिवशीही हीच तोंडं अशीच चाटत होती. याच गोडव्यानं तिचा बाबाई मारला, आणि तिनंही त्या दिवशी भुवया उंचावल्याच होत्या. तिला स्वतःचाही तेवढाच वीट आला.

टिंडलनं घास तोंडात घातला. चावला. थांबला. पुस्तिकेत यावर काही नव्हतं बहुधा. त्यानं उरिआमकडे वळून हळूच काहीतरी विचारलं. उरिआमनं मान खाली घातली.

"काय म्हणतोय?" तेकारेईनं विचारलं.

"काही नाही, मावशी."

"नळासारखा नळ तू, आज का तुंबलास? सांग."

उरिआमनं खालमानेनंच सांगितलं. "ते विचारतात, हा असाच खारट असतो का?"

 तेकोआची बोटं तोंडातच राहिली. आणि मयत झालेली नेई तेकारेई चटईवर उठून बसली आणि मोठ्यानं हसली.

"दोन खेपा घातल्या या माणसानं," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा काहीतरी चाखलं आणि पहिल्यांदा खरं बोलला. तुम्ही सगळे एवढे महिने चाखताय आणि एकदाही बोलला नाहीत. त्याला सांग उरिआम, नाही, हा असा नसतो. हा त्याच्या नळाचा खारटपणा आहे. आणि एकविसावं पान वाच. या वेळी त्यात स्वतःचंही घालायचं असेल तर घाल."

उरिआमनं वाचलं, आधी आमच्या भाषेत, मग टिंडलच्या. मग स्वतःचं घातलं: पंचायतीचं सर्व ठीकचं पत्र मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. टिंडलचा चेहरा पावडरीच्या रंगाचा झाला. हा अहवाल मला कुणी दाखवला नाही, असं तो दोनदा म्हणाला. तेकारेईनं विचारलं, मागितला होतास का? 

"आता माझी बुबूती," ती म्हणाली. "तो उभा नळ मला दे. काढून मैदानामागं छातीएवढ्या खोलीवर आडवा घाल, सेमीनं लिहिलंय तसा. आणि तिथलं पाणी माझ्या जिभेला पटेपर्यंत इथंच राहा, गावाचं पाणी पी."

टिंडल म्हणाला, पंप माझा नाही, योजनेचा आहे, वरून परवानगी लागेल.

"ती पाच पावलं माझी होती का? माझ्या आईच्या आजीची होती. मी तिची परवानगी काढायला गेले नाही. तुझ्या पुस्तिकेत मागायचं पान आहे, द्यायचं पान फाटलंय वाटतं."

सगळं गाव टिंडलकडे बघत होतं, आणि या वेळी कुणाच्याच भुवया हलल्या नाहीत. मग तेकोआ हळूहळू उठला. त्यानं पुढ्यातला बाबाई बाजूला सारला आणि म्हणाला, "खारट आहे." एवढंच. त्याच्यामागून पाद्री म्हणाला, खारट आहे. मग रांगेरांगेनं सगळेच म्हणू लागले, इतके की पुढे ऐकून कंटाळा आला. टिंडलनं भुवया उंचावल्या.

त्याची बाटल्यांची खोकी नवव्या दिवशी संपली. त्यानंतरचे चार दिवस तो जाळी वाळवायच्या संडासात राहिला, जाळ्यांसकट. मग सावरला. आणि एक सांगायला हवं, माणूस कामाचा निघाला. नळाला भोकं किती पाडायची, बारीक खडी कशी भरायची, पंप किती हळू चालवायचा म्हणजे साय फाटणार नाही, हे त्याला खरंच येत होतं. यातलं काही तेकारेईला येत नव्हतं. ती करवंटी घेऊन काठावर बसायची. तो आकडा सांगायचा, ती जीभ सांगायची, दोघं भांडायची. सातव्या आठवड्यात तिनं पाणी गिळलं, थुंकलं नाही. तो बोटीत बसून गेला.

वर्षभरानं त्याचा चकचकीत अहवाल आला. मुखपृष्ठावर टिंडल, हातात करवंटी. आत लिहिलं होतं की तज्ज्ञांच्या अभिनव सल्ल्यामुळे गावाला गोडं पाणी मिळालं, आणि स्थानिक महिलांचा सहभागही लाभला. सेमीचं नाव कुठंच नव्हतं. उरिआमनं वाचून दाखवलं तेव्हा तेकारेई कचेरीच्या पायरीवर गेली आणि मनापासून थुंकली. सेमीचा अहवाल तिनं घरी नेऊन आपल्या पेटीत, लग्नाच्या चटईखाली ठेवला होता. इकडे कपाट अजून कलंडलेलंच होतं. उरिआमनं नवा अहवाल हातात तोलला, दुमडला आणि पायाखाली सारला. जाडी बरोबर निघाली.

खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या पावसाळ्यानंतर जिभेला लागेनासं झालं. तिनं तोवर टोपलीतल्या ओल्या मातीत जगवलेलं कंदाचं ते पिलू मधोमध लावलं, नवी टोपली विणली. पाद्री वरून बघत होता. त्यानं हळूच विचारलं, की तुमचं एक मयत तर झालं, आता हा कशासाठी?

"ते खारट झालं," ती खालून म्हणाली. "ते धरायचं नाही. आता मी एकाहत्तर. हा तयार व्हायला अकरा वर्षं. तोवर मला मरायला सवड नाही, देवाला तसं कळवून ठेवा."

पाद्र्यानं भुवया उंचावल्या.

"भुवया नकोत," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."